मावशीच्या दंडावरचं बटण आणि आजीचं तेल

तिसऱ्यांदा निघालं तेव्हा शोधायला मी पण पाण्यात उतरले. मला पोहता येत नाही, त्यामुळे मी आपली उथळ बाजूला उभी राहून पायाने फरशी चाचपत होते आणि तिकडे खोल बाजूला मावशी बुड्या मारत होती. वर यायची, श्वास घ्यायची, परत खाली. केवढंसं असतं ते दंडावरचं साखर मोजायचं यंत्र, कोटाच्या बटणाएवढं, पांढरं, आणि टँकच्या फरशा पण नेमक्या फिकटच. बायकांची अख्खी बॅच थांबून बघत होती. एकीला वाटलं मावशीचं कानातलं पडलं, ती म्हणाली, "सोन्याचं होतं का हो?" मावशी पाण्यातूनच म्हणाली, "सोन्याचं असतं तर एवढी शोधली नसती."

शेवटी ते सापडलं कडेच्या जाळीत, पानाच्या तुकड्याशेजारी. मेलेलं. एकदा निघालं की ते संपतंच, परत लावता येत नाही.

रूपाली मॅडम शिट्टी बोटाला गुंडाळत आल्या. बायकांच्या बॅचला त्याच असतात, कोच पण त्याच आणि बुडणाऱ्याला काढणाऱ्या पण त्याच. मावशीपेक्षा खूप लहान आहेत, तरी टँकवर सगळ्या त्यांना घाबरतात.

"उज्वलाताई, आता बास झालं हं. पुढच्या वेळी हे पडलं तर तुम्ही तिकडे." त्यांनी उथळ बाजूला बोट केलं, जिथे दोन पोरी फ्लोट धरून पाय मारत होत्या.

"पोरांच्यात?"

"पोरांच्यात. राग नका येऊ देऊ, पण गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला मीच काढलंय बाहेर. मला ते परत नाही बघायचं."

मावशीने टॉवेलने खसाखसा दंड पुसला आणि कपडे बदलायला गेली. मला मात्र रडू आलं, मला लगेच येतं, कशानेही येतं. कारण खोल पाणी गेलं म्हणजे मावशीचं काय गेलं हे मला माहीत होतं.

सांगते. माझी उज्वला मावशी सातपूरला एका कंपनीत आहे. रबराच्या रिंगा बनतात तिथे, पंपात वगैरे बसतात त्या, पाणी गळू नये म्हणून. ती त्या रिंगा तपासते, उजेडासमोर धरून, दिवसभर. ते बटण, म्हणजे तो सेन्सर, पहिल्यांदा पडला तेव्हा स्वतःच म्हणाली होती, "लोकांचे पंप गळू देत नाही मी, आणि माझ्या दंडावरची एवढी टिकली टिकत नाही." मी तिच्याकडे राहते, कॉलेज नाशिकला म्हणून. ती, आजी आणि मी, सातपूर कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर.

मावशीला कॉलेजात असतानाच डायबेटीस निघाला. म्हातारपणी होतो तो नाही, इन्सुलिनवाला, पहिल्या दिवसापासून सुई. आई सांगते की तेव्हा बघायला पाहुणे यायचे, चहा व्हायचा, मग कोणीतरी साखरेचं सांगायचं आणि पाहुणे गार चहा तसाच ठेवून उठायचे. मावशी हसत सांगते हे. म्हणते, "कपबशा विसळून विसळून मी कंटाळले, मग आबांना म्हटलं आता बोलावू नका." आबा म्हणजे माझे आजोबा, काळू आबा. ते आता नाहीत.

पण डायबेटीसच्या आधी पाणी होतं. कळवणजवळच्या आमच्या गावात शेतात विहीर आहे, तिथे मावशी पोहायला शिकली. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि ढकलून द्यायचं, झालं शिकवणं. डबा आबा बांधायचे. आणि त्याच्या आधी आजी तेल लावायची. खोबरेल, डोक्यापासून पायापर्यंत चोपडून. थंडीत पाणी झोंबू नये म्हणून म्हणायची ती, पण उन्हाळ्यात पण लावायचीच. तेल नाही तर विहीर नाही, असा नियमच होता. माझी आई पाण्याला घाबरायची, ती तेल लावून घेऊन तशीच काठावर बसून राहायची, चकचकीत. मावशी मात्र वरच्या दगडावरून उडी मारायची.

डायबेटीस निघाल्यावर ते सगळं थांबलं. शेतात एकटी जाऊ नको, पाण्यात चक्कर आली तर, विहिरीत कोण बघणार. वीसेक वर्षं ती पोहली नाही. वीस वर्षं! मला दोन दिवस मोबाइल नाही मिळाला तर मी घर डोक्यावर घेते.

मग दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या कोणीतरी टँकचा पास काढला आणि ही सोबत म्हणून गेली. सोबतीण चार दिवसांत सोडून गेली, मावशी राहिली. मी तिला पहिल्यांदा खोल बाजूला बघितलं ना, तेव्हा ओळखलंच नाही. घरात ती हळू असते, मोजूनमापून, भाकरी मोजून, भात वाटीने, पर्समध्ये लिपस्टिक नसेल पण खजूर आणि ग्लुकोजची पुडी असणारच. आणि तिथे पाण्यात ती काहीच मोजत नव्हती. या टोकाला हात लावला की त्या टोकाला. मी विचारलं, किती राउंड मारलेस? म्हणाली, "कोणाला ठाऊक?"

गेल्या उन्हाळ्यात मात्र तिची शुगर पाण्यातच खाली गेली. तिला कळलंच नाही, हात जड झाले एवढंच आठवतं म्हणते. रूपाली मॅडमनी उडी मारून काढलं. डॉक्टर म्हणाले, पोहायचं तर सेन्सर लावून. दंडाच्या मागे चिकटवायचा, खाली केसासारखी बारीक तार कातडीत जाते, आणि मोबाइलवर शुगर दिसत राहते, चढतेय का उतरतेय ते बाणासकट. पंधरवडाभर चालतो, म्हणजे चिकटून राहिला तर. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, दंडावर ते दिसलं तर खोल बाजू, नाही दिसलं तर नाही. हे असं ठरलेलं होतं. ते महाग, पैसे जमेपर्यंत वर्षभर ती कडेकडेनेच पोहली, आणि गेल्या महिन्यात आलं तर टिकतच नव्हतं. एकदा राहिलं चार दिवस, एकदा दुसऱ्याच दिवशी गेलं, आणि हे तिसरं.

मी काय काय केलं विचारू नका. कागदाला लावतो ती चिकटपट्टी लावली, ती पाण्यात पाच मिनिटांत केळीच्या सालीसारखी सुटली. वायरमन वापरतात ती काळी टेप लावली, त्याने मावशीच्या दंडावर लाल चट्टा उठला. माझ्या जुन्या लेगिंगचा पाय कापून तिच्या दंडात चढवला, तो पोहताना कोपरापर्यंत घसरून आला आणि एक काकू म्हणाल्या, "हाताला काय पायमोजा घातलाय का गं?" मी म्हटलं आपण गोंदाने चिकटवू, तो एका थेंबात चिकटणारा असतो ना. मावशी म्हणाली, "तेजू, तुला मावशी हवीय ना अजून?"

त्या तिसऱ्या वेळी घरी आलो तर आजी दारातच. माझी आजी, नवसाबाई, कळवणहून आली ती आबा गेल्यापासून इथेच आहे. तिने मावशीच्या दंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आजबी गेलं?"

"गेलं, माय."

"कसलं मेलं बनवत्यात. एक दिवस ऱ्हात नाय. आमचा डबा बघ, कधी सुटला का?"

"डब्याला दोरी होती, माय. याला दोरी नाही."

"मग दोरी लाव म्हणावं त्या डॉक्टरला."

त्याच दुपारी मी कॉलेज बुडवून नाशिकच्याच द्वारका चौकात गेले. तिथे सर्जिकलचं एक दुकान आहे, खेळाडू गुडघ्याला लावतात ती कापडी पट्टी तिथे मिळते असं मैत्रीण म्हणाली होती. सिग्नलला बस एवढा वेळ थांबली की मी उतरून चालतच गेले. दुकानदार काका निवांत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, मावशी, टँक, सेन्सर, रूपाली मॅडम, पोरांची बाजू. त्यांनी शांतपणे पट्टीचा रोल काढला आणि म्हणाले, "आदल्या दिवशी लावायचा सेन्सर, पोहायच्या आधी नाही. चिकट पकडायला वेळ लागतो. साबणाने दंड धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा. वरून ही पट्टी, कोपरे गोल कापून, म्हणजे टोक उचकटत नाही. सेन्सरच्या मधलं भोक मोकळं सोडायचं. आणि पाण्यातून आलं की टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं."

"घासते ती. खसाखसा घासते."

"बरं. आणि तेलबिल लावत नाहीत ना अंगाला?"

मी म्हटलं, "नाही हो, तेल कोण..." आणि थांबले.

कारण रोज सकाळी काय होतं? मावशी टँकला निघते, आजी तिला मोरीच्या दारात बसवते आणि खोबरेल चोपडते. खांदे, पाठ, दंड. म्हणते त्या टँकच्या पाण्यात औषध असतं, कातडी खातं. वर्षभर मी हे रोज बघतेय, माझ्या डोळ्यांसमोर, चहा पिता पिता! आणि मी लेगिंग कापत बसले होते.

पट्टी घेतली आणि पळत सुटले. सेकंड शिफ्टला निघायच्या आधी मावशीला जिन्यातच गाठलं.

"मावशी, तेल! तेलामुळे पडतंय ते!"

ती डबा पिशवीत ठेवत होती. म्हणाली, "हळू बोल. मला माहितीय."

"म्हणजे?"

"पहिल्या वेळीच कळलं मला. मी टँकवर जाऊन साबणाने धुते की. तरी राहतं थोडं."

"मग तू आजीला सांगत का नाहीस?"

मावशी पायरीवर बसली. शिफ्टला उशीर होत होता तरी बसली. "गेल्या उन्हाळ्यात चक्कर आली ना मला, तेव्हा माय आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. पास फाडून टाक म्हणत होती. मी ऐकलं नाही. मग एक दिवस मी निघाले तर तिने काही न बोलता तेलाची बाटली आणली आणि म्हणाली, बस. तेजू, ते तेल म्हणजे तिचं हो आहे. मी तेल नको म्हटलं तर तिला वाटेल मी तिचा हात झटकला."

"पण मग खोल बाजू जाईल!"

"जाईल तर जाईल," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. मग उठली आणि गेली. जाताना वळून, "आणि तू तोंड उघडायचं नाहीस."

मी खरंच ठरवलं होतं. चहापर्यंत टिकले. आजीने कप पुढे केला, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "काय झालं गं? रडलीस का?" आणि माझ्या तोंडून सगळं धडाधड बाहेर आलं. तेल, दुकानदार, मावशीचं जिन्यातलं बोलणं, सगळं, तेल म्हणजे आजीचं हो आहे ते पण.

आजीने ऐकून घेतलं. कप विसळला, उपडा ठेवला, आणि गॅलरीत जाऊन बसली. दिवा लावायची वेळ झाली तरी तिथेच. मला वाटलं मी वाट लावली सगळ्याची.

दुसऱ्या दिवशी मावशीला कळलंच, मी सांगून टाकलंय ते. चेहऱ्यावरून कळतं माझ्या. ती मला म्हणाली, "शाबास," एवढंच, आणि ते शाबास ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. तिला सुट्टी होती, नवीन सेन्सर संध्याकाळी लावायचा होता. ती मोरीत हात धुवायला गेली तर आजी आधीच तिथे पाटावर बसलेली, समोर वाटीत डाळीचं पीठ.

"ये. हात दे."

"माय, काय करतेस?"

"दिवाळीला तेल काढतो तसं काढते. लय मुरलंय ते. वरसाचं हाय." आणि तिने मावशीचा डावा दंड पिठाने चोळला, मग साबण, मग परत पीठ. मावशी लहान पोरीसारखी हात पुढे करून बसली होती. आजी मान वर न करता म्हणाली, "ह्या पोरीने सांगितलं तवा कळलं. तू वरीसभर माझ्यासमोर बसून तेल लावून घेती आन तिकडं जाऊन धुती. मला येडी समजती का?"

"तसं नाही, माय."

"मग कसं हाय?"

आजीने दंड अजून जोरात चोळला आणि म्हणाली, "माझं तेल तुझ्या जिवासाठी हाय. जीव त्या बटणात असंल तर मी तेल कशाला लावू? तुले येवढं समजत नई?" फार चिडली की तिच्या तोंडी अहिराणी येते, माहेर तिचं सटाण्याकडचं. मी दारात उभी राहून रडत होते आणि दोघी एकदम म्हणाल्या, "तू गप."

मग मी स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं, मावशीने सेन्सर दाबून बसवला, आणि वरून पट्टी, कोपरे गोल कापलेली, मध्ये भोक. निळ्या रंगाची होती, दुसरा रंग नव्हता दुकानात. आजी म्हणाली, "बरी दिसती."

सकाळी मावशी निघाली तर आजी पातळ नेसून तयार. हातात पिशवी, पिशवीत तेलाची बाटली.

"कुठे?"

"टँकवर. पाण्यात जायच्या आधी नाय लावायचं ना? मग बाहेर आल्यावर लावीन. कातडी तर खाणारच ते पाणी."

आम्ही तिघी रिक्षाने गेलो. टँकच्या दारात नियमांची पाटी आहे, आजीने मला वाचायला लावली. मी वाचत गेले, टोपी घालणे, शॉवर घेणे, आणि मग आलं, अंगाला तेल लावून तलावात उतरू नये. मी दबक्या आवाजात वाचलं पण तिला ऐकू गेलं. तिने मावशीकडे बघितलं. मावशी चपला काढण्यात फार गुंतली होती.

"हे बी व्हतं व्हय इथं," आजी म्हणाली. "वरीसभर."

आत रूपाली मॅडमनी मावशीचा दंड हातात धरून बघितला, पट्टीवरून अंगठा फिरवला. "हं," म्हणाल्या. "बघू." आणि आजीला कडेला खुर्ची दिली. मावशीने मोबाइल आजीच्या मांडीवर ठेवला. पाण्याखाली असताना मोबाइलला काही कळत नाही, हात पाण्याबाहेर आला तरच आकडा येतो, म्हणून मावशी दर थोड्या वेळाने कडेला थांबते. मी आजीला दाखवलं, हा आकडा आणि हा बाण, आडवा असला तर बरं, खाली वळला तर तिला बोलवायचं.

"बाण खाली म्हंजे पाणी आटतंय," आजी म्हणाली.

"हो, तसंच."

आणि मावशी खोल बाजूला गेली. आजीने तिला विहिरीनंतर कधी पोहताना बघितलंच नव्हतं. खुर्चीच्या टोकावर बसली होती ती, मोबाइल दोन्ही हातांत धरून. मावशी त्या टोकाला पोचली, वळली, परत निघाली. मी म्हटलं, आजी, बघ ना कशी जाते. ती म्हणाली, "मी ह्याच्याकडं बघू का तिच्याकडं?"

मग अचानक उभी राहिली आणि ओरडली, "उज्वले, हात वर कर!"

अख्खी बॅच थांबली. मावशी खोल बाजूच्या कठड्याला लटकली आणि तिने डावा हात पाण्याबाहेर काढला. निळी पट्टी तशीच होती. आजीच्या हातात मोबाइल किणकिणला.

"बाण वाकलाय जरा," आजी म्हणाली. "ये बाहेर. खजूर खा."

"माय, थोडंसंच वाकलंय..."

"ये म्हटलं ना!"

मावशी बाहेर आली. कडेला पाय सोडून बसली, खजूर खाल्ले, थोडं ग्लुकोज घेतलं, आजीने पदराने तिचा दंड टिपायला हात नेला आणि मध्येच थांबवला, मग पट्टी सोडून बाकीचा हात टिपला. थोड्या वेळाने बाण परत सरळ झाला, आकडाही जरा वर सरकला, तो आजीनेच आधी बघितला. म्हणाली, "जा आता." असं म्हणाली जसं विहिरीवर म्हणत असेल. मावशी उडी मारत नाही एरवी, शिडीने उतरते. त्या दिवशी उडी मारली. रूपाली मॅडमनी शिट्टी वाजवली, उडी मारायची नाही म्हणून, पण हसत होत्या.

नंतर बाहेरच्या बाकावर आजीने तेल लावलं. उजवा हात, पाय, मान. डाव्या हाताला कोपराच्या खालीच. मध्येच म्हणाली, "तुझा आबा असता तर त्याने ह्याला बी दोरी बांधली असती," आणि मावशी म्हणाली, "आणि ती सुटली नसती."

आता जेव्हा जमेल तेव्हा आजी येते टँकवर. तिचा आवाज आला की मावशीच काय, शेजारच्या लेनमधल्या काकू पण हात वर करतात, चेष्टा म्हणून. खोल बाजू राहिली. मॅडम आता दंड बघत पण नाहीत.

तो सेन्सर पूर्ण पंधरवडा टिकला. शेवटच्या दिवशी काढायचा होता तर निघेचना. मावशीने पट्टीचं टोक धरून ओढलं, कातडी वर आली पण पट्टी नाही. मी ओढून बघितलं, मावशी ओरडली. पाणी लावलं, साबण लावला, काही नाही.

आजी भाकरी टाकत होती. तिने तवा खाली घेतला, हात पुसले, फळीवरून बाटली काढली आणि पट्टीच्या कडेने बोटाने तेल सोडलं. थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग नखाने टोक उचललं आणि सेन्सर अलगद तिच्या तळहातावर आला.

"बस इथं," ती मावशीला म्हणाली. "आता पीठ आणते. उद्या दुसरं लावायचंय ना."